उजव्या पानावरचं गाव

चष्मा पुसायचं पिवळं कापड उन्हात वाळत घालू नये. कडक होतं, आणि मग काच ओरखडते.

*

दाराची कडी आतून कशी होती?
जाग आल्यावर पहिला आवाज कसला?
तुम्ही कशाकडे बघायचं टाळलंत?

*

जंक्शनच्या चौथ्या फलाटापुढे काही नाही. मालधक्का, पाण्याची टाकी, गवत.

*

“हातभर म्हणजे तुमचा हात की माझा?”

*

सातव्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला छापलेलं वाक्य: या दोघांसोबत चालताना वाचकाच्याही पायांना धूळ लागते.

*

आठ दिवसांत येते. रात्री दुकानामागचं दार ओढून घेत जा, नुसतं लोटू नका.

*

तिन्ही प्रश्न वहिनींचे. एकतीस वर्षं तेच तीन, त्याच क्रमाने, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलेले. ज्याला ते विचारले जायचे तो त्यांचा दीर. घरात सगळे त्याला भटक्या म्हणायचे, आणि तो होताच तसा. वर्षातले चार महिने बाहेर, आठ महिने दादाच्या चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. दुकानामागे दादा-वहिनी राहायचे. मधला जिना लोखंडी होता. कोण चढतंय ते पावलांवरून कळायचं.

दीर-भावजयीने मिळून सात पुस्तकं लिहिली होती. प्रवासाची, पण जरा निराळी. उजव्या पानावर भटक्याचं गद्य, डाव्या पानावर वहिनींची कविता. पद्धत ठरलेली. भटक्या जिथे जाई तिथे जाड बांधणीच्या वहीत फक्त उजव्या पानांवर लिहायचा. घरी आला की वही वहिनींच्या हवाली. तोंडी एक अक्षर सांगायचं नाही. वहिनी वाचायच्या, आणि प्रत्येक मुक्कामासाठी तीन प्रश्नांची चिठ्ठी जिन्याच्या कठड्याला कपड्यांच्या चिमट्याने लावायच्या. तो उत्तरं लिहून चिठ्ठी परत तिथेच लावायचा. दोन-चार दिवसांत डावं पान भरलेलं असायचं. ते वाचताना दर वेळी त्याला वाटायचं, आपण नुसते जाऊन आलो. तिथे राहून आल्या त्या वहिनी.

वाचकांना ठाऊक नव्हतं ते इतकंच, की वहिनी कधी कुठे गेल्याच नव्हत्या. आधी सासूबाईंचं आजारपण, मग दुकान, मग सवय. पहिल्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशक म्हणाला, वर दोन नावं आणि आत नुसतं ‘मी’, हे लोकांना खटकेल. तेव्हा भटक्याने एका दुपारी बसून मुद्रितांमधल्या एकूण एक ‘मी’चं ‘आम्ही’ केलं. मी पोचलो, आम्ही पोचलो. मला तहान लागली, आम्हाला तहान लागली.

वहिनी ते वाचून इतक्या हसल्या की ठसका लागला. “घरबसल्या पाय दुखायला लागले हो माझे, भाऊजी!”

दादाने मात्र एकही पुस्तक उघडलं नाही. “मी लोकांना वाचायला लावतो,” तो गिऱ्हाइकांना सांगायचा, “मी स्वतः कशाला वाचू?”

आठव्या पुस्तकातला सातवा आणि शेवटचा मुक्काम नदीच्या मुखाशी ठरला होता. तिथपर्यंत भटक्या गेलाच नाही. जंक्शनला उतरला तेव्हा गुडघा सुजला होता, हे खरं. पण दोन दिवसांत सूज उतरली, हेही खरं. पुढे जायचा कंटाळा आला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला यायचा तसा, अंगभर. स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये सहा नंबरच्या खोलीत तो अकरा दिवस पडून राहिला. दुपारी मॅनेजरबरोबर पत्ते खेळला. आणि उरलेल्या वेळात, उजव्या पानांवर, एक गाव रचलं.

शाळेतला दगडी जिना घेतला आणि त्याला एकशे बारा पायऱ्या दिल्या. न्हाव्याच्या दुकानातली कातड्याची खुर्ची घेतली. दवाखान्याच्या फरशीचा वास घेतला. टवके उडालेली पांढरी बादली लॉजमधलीच. जंक्शनपासून तिथवर तीन डब्यांची एक गाडी सोडली. जिन्याच्या माथ्यावर खोल्या भाड्याने देणारी एक बाई बसवली, आणि तिच्या घरात एक खोली, जिची खिडकी उघडली की समोर भिंत. ‘आम्ही त्या खोलीत चार दिवस राहिलो,’ असं लिहिलं. गावाला नावही दिलं. लिहिताना त्याला कसलीच टोचणी लागली नाही. उलट हात कधी नव्हे इतका सरसर चालला.

घरी आला, वही दिली, तीन प्रश्न आले. कडी: लोखंडी, उजवीकडे सरकणारी. आवाज: बादली घासल्याचा. कशाकडे बघायचं टाळलं: खिडकीकडे, समोर हातभर अंतरावर भिंत होती.

चार दिवस गेले. आठवडा गेला. डावं पान कोरं.

दहाव्या दिवशी वहिनी स्वतःच जिना चढून वर आल्या. असं कधी होत नसे. दारातच उभ्या राहिल्या, हाताला साबणाचा वास.

“भाऊजी, एक चौथा प्रश्न विचारू?”

“नियम मोडताय.”

“मोडतेय. हातभर म्हणजे तुमचा हात की माझा?”

त्याने हात लांब करून पाहिला, जणू तो तिथे मोजत होता. “माझा.”

“मला ती खोली दिसतच नाहीये.” त्या स्वतःच्या तळव्याकडे बघत बोलत होत्या. “बाकी सगळ्या गावांत मी शिरते. कडीला हात लावला की दार उघडतं. इथे कडी सरकते, पण दार नुसतं रंगवल्यासारखं आहे. माझंच काहीतरी बिघडलंय का हो?”

खरं बोलायची हीच वेळ होती. एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं: वहिनी, दार रंगवलेलंच आहे. त्या हसल्या असत्या, चार दिवस रुसल्या असत्या, आणि पुस्तक सहा मुक्कामांचं निघालं असतं.

भटक्या म्हणाला, “वय झालं, वहिनी, तुमचं. आता कविता लवकर निजायला लागल्या.”

त्या हसल्या, पण उशिरा. मग जिना उतरून गेल्या. एकेक पायरी सावकाश.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, दादा दुपारी वर आला. हातात कॅलेंडरच्या पानाचा तुकडा. “ही बघ तुझ्या वहिनीची अक्कल. साठाव्या वर्षी प्रवासाला निघाली! ‘शेवटचं गाव बघून येते, कविता अडलीय.’ कधी कोपऱ्यावरच्या टपाल पेटीपुढे गेली नाही ती. मला म्हणते, दार ओढून घेत जा.” तो चिडल्यासारखं बोलत होता, पण तोंडावर कौतुक मावत नव्हतं. “कसं आहे रे गाव? बरी सोय आहे ना राहायची?”

“आहे,” भटक्या म्हणाला. “बाई भली आहे.”

दादा समाधानाने खाली गेला. भटक्या खुर्चीत बसून राहिला. मग त्याने स्वतःची समजूत घातली, तीही नीट, कारणांसकट. जंक्शनला गेल्यावर त्यांना कळेल की पुढे गाडीच नाही. मॅनेजर सांगेल. त्या परत येतील, दारात उभ्या राहतील, आणि आपण खाली मान घालून ऐकून घेऊ. फार तर फार तीन दिवस.

तीन दिवस झाले. आठ झाले. दादा दिवसातून चारदा दुकानाच्या पायरीवर येऊन रस्त्याच्या टोकाकडे बघायला लागला. दूरचं बघायचा चष्मा लावून बघायचा.

बाराव्या दिवशी टपालाने एक पाकीट आलं, भटक्याच्या नावाने. आत वहीच्या मापाचा एकच कागद, एका बाजूने फाडलेला. डावं पान. अक्षर वहिनींचं, नेहमीसारखं उजवीकडे कललेलं.

*एकशे बारा लिहिल्या होत्या,*
*एकशे तेरावी पायाला लागली.*
*आम्ही थांबलो.*
*भिंत हातभर नाही,*
*भिंत श्वासभर आहे.*
*बोललं की ओली होते.*

भटक्याने कागद तीनदा वाचला. बाकीचं काहीही कल्पनेतून येऊ शकलं असतं. पण एकतीस वर्षांत वहिनींनी कवितेत ‘आम्ही’ हा शब्द कधी वापरला नव्हता. तो उजव्या पानाचा शब्द होता. तो त्याचा होता.

पाकिटावर गोल शिक्का होता. पुसट वगैरे नव्हता. काळी शाई, कडा स्वच्छ, आणि मधोमध त्याने लॉजमध्ये पालथं पडून शोधलेलं नाव.

“काय म्हणते?” दादाने खालून विचारलं.

“पोचल्या.”

“मग येत का नाही? गावाचा पत्ता दे मला, मीच जातो.”

“तू नको. गुडघे बघ तुझे. मी घेऊन येतो.”

दादाने वर बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याने चष्म्याच्या काचेवर ढकललं. चष्मा काढून काच पुसली. “तू सोबत असलास की मला घोर नाही,” तो म्हणाला.

ते वाक्य भटक्याने सगळा प्रवासभर तोंडात खडा धरावा तसं धरून ठेवलं.

जंक्शनला गाडी सकाळी अकराला पोचली. ऊन स्वच्छ होतं. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने ते नाव दोनदा ऐकलं, वेळापत्रकावर बोट फिरवलं आणि मान हलवली. अशी गाडी नाही. कधीच नव्हती. तिकडे रूळच नाहीत. भटक्याला उगीचच बरं वाटलं. आपलं खोटं जागच्या जागी आहे, एवढं तरी.

लॉजचा मॅनेजर त्याला बघून उठून उभाच राहिला. “अरे वा, आलात परत! या, या. आणि बाईसाहेब कुठेत?”

“कोण बाईसाहेब?”

“आता काय करायचं या माणसाचं!” मॅनेजर हसला. “दहा-बारा दिवसांपूर्वी जोडीने आलात, आणि आज कोण म्हणून विचारता? फार गोड बाई हो. तुम्ही आपले घुम्यासारखे बसलेले, तिनेच सगळ्या गप्पा मारल्या. मला विचारते, ‘मॅनेजरसाहेब, तुमच्या इथे उठल्यावर पहिला आवाज कसला येतो?’ आता काय सांगू! म्हटलं, माझ्याच खोकल्याचा.”

“मी नव्हतो सोबत.”

“पत्त्यांत हरलात की असंच म्हणायचात. ‘तो डाव मी खेळलोच नाही.’” त्याने नोंदवही पुढे सरकवली आणि पान उलटून दाखवलं.

दोन माणसं. खोल्या दोन: सहा आणि सात. कुठून आले, कुठे जाणार. कुठे जाणारच्या रकान्यात ते नाव. अक्षर भटक्याचं होतं. ‘श’ची गाठ तो लहानपणापासून उलटी घालायचा, शाळेत त्यावरून मार खाल्ला होता. गाठ उलटी होती.

“मी काही बोललो का?” त्याने विचारलं.

मॅनेजरने आठवून बघितलं. “खरं सांगू? फारसं नाही. बाई तुम्हाला सारखं म्हणत होती, ‘भाऊजी, थकलात का?’ तुम्ही नुसते मान हलवायचात. पण सामान सगळं तुम्हीच उचललंत हं. आणि तिने विचारलं की पुढची गाडी कुठून, तेव्हा तुम्ही हात करून दाखवलंत. तिकडे.”

त्याने चौथ्या फलाटाकडे बोट केलं.

भटक्या तिकडे गेला. मालधक्का ओलांडला, टाकी ओलांडली. टाकीतून थेंब थेंब पाणी पडत होतं. पुढे कमरेएवढं गवत, वाळलेलं, आणि गवतात दोन माणसं एकामागून एक गेल्यावर पडते तशी वाट. चाळीस-पन्नास पावलं ती सरळ गेली होती. मग संपली. वळली नव्हती, विरळ झाली नव्हती. एका पावलापर्यंत गवत आडवं, पुढच्या पावलाला ताठ.

तो तिथे उभा राहिला आणि त्याने हाक मारली. “वहिनी!”

समोर मोकळं रान होतं. तरी हाक लगेच परत आली, जणू श्वासभर अंतरावर भिंत असावी.

परतीच्या गाडीत त्याने ठरवलं, दादाला सगळं सांगायचं. गाव नाही. मी रचलं. ती माझ्या खोट्यात गेली. दादा मारेल तर मारू दे. या वयातही त्याने मारावं, असंच भटक्याला वाटत होतं.

दुकानात दादा एकटाच होता. भिंगाखाली एका चष्म्याची दांडी धरून बारीक स्क्रू पिळत होता. काउंटरवर पिवळं कापड, त्याशेजारी टपालाचं पाकीट, उघडलेलं.

“या, बसा,” वर न बघता तो म्हणाला. गिऱ्हाइकाला म्हणायची सवय. भटक्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला.

आणि बोलत सुटला. गुडघा, लॉज, अकरा दिवस. शाळेचा जिना, न्हाव्याची खुर्ची. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या ते. आपण काय म्हणालो ते. तेही शब्द न बदलता सांगितलं. सांगताना आवाज फुटला, नाक गळायला लागलं. तो थांबला नाही.

दादाने स्क्रू पूर्ण पिळला. दांडी मिटून-उघडून बघितली. चष्मा कापडावर ठेवला.

“झालं?” तो म्हणाला.

“दादा, मला—”

“हे वाचा.”

त्याने पाकिटातला कागद पुढे केला. वहीच्या मापाचा. उजवं पान.

अक्षर भटक्याचं. उलट्या गाठीसकट.

*आम्ही सुखरूप आहोत. खोली एकदा सवय झाली की बरी आहे. वहिनींची कविता सुटली. आता रोज एक होते. परतायची घाई नाही.*

खाली, जरा जागा सोडून:

*कडी आतून नाही.*

*पहिला आवाज: आम्ही दोघं बोलतो, त्याचा.*

*कशाकडे बघायचं टाळतो: घराकडे. तिथे वरच्या मजल्यावर कुणीतरी राहतं.*

भटक्या कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. दादाने तो हलकेच काढून घेतला. घडी घातली. पाकिटात ठेवला.

“माझ्या बायकोबरोबर माझा भाऊ आहे,” तो म्हणाला. आवाज शांत होता, दुखावलेल्या माणसाचा असतो तसा. “तो आहे म्हणून मी निर्धास्त आहे. तुम्ही कोण ते मला माहीत नाही. पण त्याच्याबद्दल असं पुन्हा बोलू नका.”

“दादा, मी आहे. भटक्या.”

दादाने दूरचा चष्मा काढला, जवळचा लावला. नीट बघितलं. बराच वेळ. एकतीस वर्षं लोकांचे डोळे तपासलेला माणूस.

मग त्याने दुसरीकडे पाहिलं.

रागाने, की खरोखर, हे भटक्याला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

तो उठला. मागच्या दाराने गेला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसऱ्या, तिसऱ्या. लोखंड वाजलं नाही.

खालून दादाचा आवाज आला. सभ्य, थकलेला.

“वर कुणी नाही हो. वरचे बाहेरगावी गेलेत.”

*

ज्या गुरुवारी वहिनी निघाल्या, त्या सकाळी सव्वाआठला भटक्या घराजवळच्या स्टेशनसमोरच्या दुकानात दाढीचं ब्लेड घेत होता. त्याने त्यांना रस्ता ओलांडताना पाहिलं होतं. त्यांची बॅग एका पुरुषाच्या हातात होती. त्या माणसाने मान वळवून दुकानाकडे बघितलं, तोंड दाढीच्या आरशात रोज दिसायचं तेच, आणि भटक्याने हाक मारली नाही.